मुदत रविवारची, सुट्टी गुरुवारची

माझ्या टेक्निकल रायटिंगच्या ऑनलाइन कोर्सची डेडलाइन दर रविवारी रात्री ११:५९ला असते, पण तो रविवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. आपल्याकडे तेव्हा सोमवार उजाडून दुपारचे १२:२९ झालेले असतात. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात, म्हणून हिवाळ्यातल्या बॅचला हीच वेळ दुपारी १:२९ पडते. कोर्स करणाऱ्या बऱ्याच भारतीयांना ही जादाची सोमवार सकाळ म्हणजे लॉटरी वाटते. मला ती मिळत नाही. सोमवारी साडेबाराला मी कंपनीत असते, हातात गिअर असतो आणि समोर तपासणीचा रिपोर्ट. त्यामुळे माझी खरी मुदत रविवारी रात्री नऊची, जेवणं आटोपल्यावरची.

मी भोसरीत एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. या पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते. पुण्यात नोकरी करणारा नवरा शनिवार-रविवार घरी, मुलीची शाळा रविवारी बंद, आणि मी गुरुवारी. इतकी वर्षं या गुरुवारचं वाईटच वाटायचं. लग्नकार्य, बारसं, मैत्रिणींची भेट, सगळं रविवारी आणि मी ड्युटीवर. कोर्स सुरू झाल्यापासून मात्र हा आठवड्याच्या मधोमध आलेला मोकळा दिवस फार मोलाचा ठरला आहे. का ते पुढे येईलच.

टेक्निकल रायटिंग म्हणजे वापरणाऱ्याला काम करता यावं म्हणून लिहिणं. मिक्सरसोबत येणारी पुस्तिका, सॉफ्टवेअरमधली मदतीची पानं, मशीनवर चिकटवलेली सूचना, बँकेच्या अ‍ॅपमध्ये व्यवहार फसल्यावर दिसणारी ओळ, हे सगळं कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. आमच्या कारखान्यात याचं रूप म्हणजे एसओपी, एखादं काम कोणत्या क्रमाने करायचं हे सांगणारा कागद. मी गेली कित्येक वर्षं एसओपी लिहिते आहे आणि त्या भिंतीवर लटकतात. ऑपरेटर त्या वाचत नाहीत, शेजारच्याला विचारतात. हे मला खुपत होतं. माणसं आळशी आहेत म्हणून वाचत नाहीत, हे म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. वाचून काम होत नसेल तर माणूस विचारणारच. म्हणून हा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स घेतला. दर आठवड्याला एक असाइनमेंट, आणि शिवाय सोबत शिकणाऱ्या तिघांच्या कामावर लेखी अभिप्राय द्यायचा, तो बुधवारपर्यंत.

वेळेच्या नियोजनाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक स्वतःच्या वेळेबद्दल असतं. पहाटे उठा, फोन दूर ठेवा, काम छोट्या तुकड्यांत करा. ते चुकीचं नाही. पण टेक्निकल रायटिंगच्या आठवड्याचं गणित तिथे सुटत नाही, कारण या कामात आपला स्वतःचा वेळ सगळ्यात कमी लागतो. ज्याला विषय कळतो त्याच्याकडून माहिती काढायची असते आणि ज्याला कळत नाही त्याला लिहिलेलं वापरून बघायला द्यायचं असतं. मधलं लिहिणं दोन-तीन तासांचं. स्वतःचा वेळ अगदीच कमी पडला तर रात्री जागून वाढवता येतो. दुसऱ्याचा वेळ रात्री जागून वाढत नाही. म्हणून आठवडा आखायचा तर आधी दुसऱ्यांचे तास मांडायचे आणि उरलेल्या जागेत आपण बसायचं, हे माझं ठाम मत झालं आहे.

कारखान्यात आम्ही हेच करतो. हीट ट्रीटमेंटची भट्टी एकदा भरली की ती तिच्या वेळेनेच रिकामी होते. कुणाला कितीही घाई असली तरी गिअरच्या पृष्ठभागात कार्बन मुरायला लागायचे ते तास लागतातच. त्यामुळे आधी भट्टीची वेळ लिहायची, मग टर्निंग, ग्राइंडिंग, तपासणी तिच्या मागेपुढे बसवायची. असाइनमेंटमधली भट्टी म्हणजे बॅटरीच्या दुकानातले दादा आणि खालच्या मजल्यावरच्या काकू.

त्यांची गोष्ट सविस्तर सांगते. तिसऱ्या आठवड्याची असाइनमेंट होती ‘घरातल्या एखाद्या उपकरणाची कृती लिहा’. शब्दमर्यादा लहान, पण अट अशी की त्या उपकरणाची माहिती नसलेल्या एका माणसाने ती वाचून काम करून दाखवलं पाहिजे आणि तुम्ही त्याची टिपणं जोडली पाहिजेत. मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरण्याची कृती घेतली. एप्रिल-मे महिन्यांत वीज जाते-येते, बॅटरी सतत चार्ज होत राहते आणि पाणी भराभर उतरतं. आमच्या इमारतीत हे काम करायला प्रत्येक घर दुकानातून माणूस बोलावतं.

सोमवारी सकाळी असाइनमेंट उघडली आणि ड्युटीवर जाता जाता पुणे-नाशिक रस्त्यावरच्या बॅटरीच्या दुकानात थांबले. दुकानातल्या दादांना विचारलं, ‘तुम्हाला पाच मिनिटं कधी विचारू?’ ते म्हणाले, ‘ताई, बुधवारी रात्री आठनंतर या. गुरुवारी नका येऊ, सगळ्यांना सुट्टी असते, माणूस उभं राहायला जागा नसते.’ म्हणजे माझी सुट्टी तो त्यांचा सगळ्यात गर्दीचा दिवस. हे सोमवारी कळलं म्हणून बुधवार मिळाला.

मधल्या काळात मी प्रश्न लिहून काढले. हे काम बसमध्ये होतं, त्याला टेबल लागत नाही. प्रश्न विचारायचीही एक रीत आहे. ‘बॅटरीची माहिती द्या’ म्हटलं की माणूस कंपनीच्या जाहिरातीतलं बोलतो. ‘लोक पाणी भरताना काय चुकवतात?’ म्हटलं की तो खरं बोलायला लागतो. दादांचंही तेच झालं. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी ओततात, त्यातले क्षार प्लेटवर बसतात आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. काही जण अ‍ॅसिड घालायला जातात. बॅटरीत उडून जातं ते पाणी, चार्जिंगच्या वेळी त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन निघून जातो. अ‍ॅसिड आतच राहतं, म्हणून भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. हे मला ठाऊक होतं. पण मग ते म्हणाले, ‘आणि पाणी चार्ज झाल्यावर भरायचं हो. आधी भरलं की चार्जिंगमध्ये वर येतं आणि झाकणातून बाहेर. खाली बघा कुठल्याही घरात, बॅटरीच्या ट्रॉलीखालची फरशी पांढरी झालेली असते.’

या एका वाक्याने माझी अख्खी कृती उलटीपालटी झाली. मी मनात मांडलेला क्रम होता: स्विच बंद करा, झाकण उघडा, पाणी भरा, स्विच सुरू करा, चार्ज होऊ द्या. आता क्रम झाला: आधी बॅटरी पूर्ण चार्ज होऊ द्या, मग इन्व्हर्टर बंद करून प्लग काढा, मग झाकण. त्याला एक अपवादही जोडला. पाणी इतकं उतरलं असेल की प्लेटा उघड्या पडल्या आहेत, तर आधी प्लेटा बुडतील इतकंच भरायचं, चार्ज करायचं आणि उरलेलं नंतर. हे रविवारी संध्याकाळी कळलं असतं तर एवढी उलथापालथ करायला रात्र पुरली नसती. बुधवारी कळलं, आणि गुरुवार सबंध माझ्या हातात होता.

गुरुवारी सकाळी लिहिलं. आमच्या बॅटरीला सहा झाकणं आहेत, प्रत्येकातून एक तरंगती दांडी वर येते आणि तिच्यावर लाल-हिरव्या खुणा आहेत. खिडकी उघडी ठेवा, जवळ काडी किंवा उदबत्ती पेटवू नका, हातमोजे आणि चष्मा घाला, हे सगळं मी पहिल्या पायरीच्या वर घेतलं. इशारा पायरीच्या आधी यायला हवा, नंतर नाही, हा या धंद्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम आहे. माणूस एकेक ओळ वाचतो आणि लगेच करतो. ‘झाकण उघडा’ हे सहाव्या ओळीत आणि ‘त्याआधी चष्मा घाला’ हे सातव्या ओळीत असेल, तर डोळ्यांत थेंब उडायचा तो सहाव्या ओळीलाच उडालेला असतो.

दुपारी काकूंकडे गेले. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, इंग्रजी कागद वाचण्यात आयुष्य गेलेल्या, पण इन्व्हर्टरला त्यांनी कधी हात लावला नव्हता. हवा तसाच वाचक. दुपारी तीन ते चार हाच त्यांचा मोकळा तास, पाचला नातू येतो. पाणी खरोखर भरायचं नव्हतंच, वाचत वाचत प्रत्येक पायरीला हात कुठे जाईल ते दाखवायचं होतं. मी बाजूला वही घेऊन बसले. कोर्सचा नियम असा की लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. हे फार अवघड जातं. समोरचा माणूस चुकीच्या ठिकाणी बोट नेत असतो आणि आपल्याला गप्प राहून फक्त लिहून घ्यायचं असतं.

चौथ्या पायरीला काकू थांबल्या. ‘सगळी सहा झाकणं एकदम उघडू का एकेक?’

माझ्या कृतीत लिहिलं होतं, ‘झाकण काढा. खुणेपर्यंत पाणी भरा. झाकण लावा.’ दादांना यात खोट दिसली नसती, मलाही दिसली नव्हती, कारण करणाऱ्याच्या हाताला उत्तर माहीत असतं. नवख्या माणसापुढे मात्र सहा झाकणं असतात. एकदम उघडली तर बॅटरीच्या कुठल्या कप्प्यात पाणी भरलं आणि कुठलं राहिलं हे विसरायला होतं, आणि उघड्या भोकांत काही पडण्याची भीती वेगळीच. कृती बदलली: एक झाकण काढा, भरा, लावा, मग शेजारचं, भिंतीकडून दाराकडे या क्रमाने. काकू पुढे म्हणाल्या, ‘आमच्याकडे फॉर्ममध्ये अशी एक ओळ अर्धवट राहिली की दिवसभर काउंटरवर तोच एक प्रश्न. प्रत्येकाला वाटायचं आपल्यालाच कळलं नाही.’ हे वाक्य मी वहीत वेगळं लिहून ठेवलं आहे. वाईट सूचना वाचणाऱ्याला स्वतःच्याच बुद्धीबद्दल शंका घ्यायला लावते, आणि मला या कामाची ओढ लागली ती नेमकी यासाठी.

उरलेलं भराभर झालं. शुक्रवार-शनिवार मजकुराकडे पाहिलंसुद्धा नाही. लिहिलेलं दोन दिवस बाजूला पडलं की त्यातलं जास्तीचं आपोआप दिसायला लागतं. रविवारी संध्याकाळी वाक्यं छाटली आणि नऊच्या आत सबमिट केलं.

हीच शिस्त बुधवारच्या अभिप्रायांना लावायची. तिघांचं काम सोमवारी दुपारी हाती येतं. बहुतेक जण ते बुधवारी रात्री उघडतात आणि ‘छान आहे, स्पष्ट आहे, एक-दोन ठिकाणी स्वल्पविराम हवा’ असं लिहून मोकळे होतात. अशा अभिप्रायाचा लिहिणाऱ्याला काडीचा उपयोग नसतो. मी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत एक, मंगळवारी दोन अशी वाचते. दुसऱ्याची कृती वाचताना मी शक्य असेल तिथे ती करून पाहते, किमान हात तरी हलवते. कुठे अडले ते लिहिते, कसं लिहावं ते लिहीत नाही. अडलेली जागा दाखवली की लिहिणारा स्वतः वाट काढतो.

माझ्या बॅटरीच्या कृतीवरही असा एक अभिप्राय आला. थंड देशात राहणाऱ्या एका सहाध्यायिनीने विचारलं होतं, घरात एवढी मोठी बॅटरी ठेवतातच कशाला? तिच्या घरातली वीज वादळ-बर्फ असल्याशिवाय जात नाही. तिने मंगळवारी वाचलं होतं म्हणून तिच्यापाशी हा प्रश्न विचारायला वेळ होता. बुधवारी रात्री अकराला तिने तो विचारला नसता. कृतीच्या वर चार ओळींचा परिचय घातला: वीज गेल्यावर पंखे-दिवे चालू ठेवायला घरोघरी इन्व्हर्टर असतो, त्याची बॅटरी अशी असते, तिच्यातलं पाणी का कमी होतं. संकल्पना, कृती आणि संदर्भ, ही तिन्ही वेगवेगळी ठेवायची, एकात एक कालवायची नाहीत, असं आम्हाला शिकवतात. डिटा नावाचं जे प्रमाण मोठ्या कंपन्या वापरतात, २००५ साली मान्यता मिळालेलं, ते याच तीन प्रकारांवर उभं आहे. पुस्तकात वाचताना ती विभागणी कोरडी वाटते. कुणीतरी ‘पण हे आहे काय?’ असं विचारतं तेव्हा तिची गरज कळते.

मानसशास्त्रात एक प्रसिद्ध अभ्यास आहे, १९९४चा, ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या तिघांचा. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवसांत पूर्ण कराल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, सगळं काही विस्कटलं तर? उत्तर सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५हून जास्त. म्हणजे सगळ्यात वाईट अंदाजसुद्धा कमी पडला. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या प्रवृत्तीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं होतं. माणूस काम मनात मांडताना आपण टेबलाशी बसलो आहोत आणि हात चालतो आहे असंच चित्र पाहतो. मला वाटतं त्या चित्रात दुसरी माणसं नसतात. मार्गदर्शक गावाला गेलेले नसतात, ग्रंथालयातलं पुस्तक दुसऱ्याने नेलेलं नसतं, काकूंचा नातू तापाने आजारी नसतो. अभ्यासाचा निष्कर्ष एवढाच आहे असं मी म्हणत नाही, पण माझ्या आठवड्यांत तरी खिंडार पडतं ते याच बाजूने. म्हणून अंदाज बांधताना मी आता ‘किती तास लिहीन’ हा हिशोब मांडतच नाही. वाट किती जणांची पाहायची आहे ते मोजते.

खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर असलेली माझी मैत्रीण हे ऐकून म्हणाली, ‘आमचं सगळं आयुष्य हेच.’ त्यांच्याकडे काम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत चालतं, त्याला स्प्रिंट म्हणतात. फीचर तयार व्हायचं तेव्हा होतं, पण त्याची कागदपत्रं रिलीजच्याच दिवशी द्यावी लागतात. ती स्प्रिंटच्या दुसऱ्याच दिवशी डेव्हलपरच्या कॅलेंडरमध्ये वीस मिनिटं अडवून ठेवते, फीचरचा पत्ता नसतानाही. ‘शुक्रवारी संध्याकाळी कुणी भेटत नाही, आणि भेटला तरी त्याचं डोकं भेटत नाही,’ हे तिचं म्हणणं. कोर्सची साप्ताहिक मुदत म्हणजे याच नोकरीची रंगीत तालीम आहे. हे कोर्सवाले सांगत नाहीत, पण त्यांनी सांगायला हवं. मुदतीला नुसती शिक्षा समजणारी मुलं पुढे नोकरीत फार दमतात.

आठवडा कोसळतो तेव्हाचं वेगळं. मे महिन्यात एका आठवड्यात घरचं लग्न आलं, तेही गुरुवारी. त्या वेळी एक गोष्ट उपयोगी पडते: पसारा कमी करायचा, दर्जा नाही. संदर्भ-तक्त्याची असाइनमेंट होती. मी सगळ्या मशीनचा तक्ता करायचा बेत सोडला आणि एकाच मशीनचा केला, पण त्यातला प्रत्येक आकडा तपासून. अर्धवट तपासलेल्या मोठ्या तक्त्यापेक्षा पूर्ण तपासलेला छोटा तक्ता वापरणाऱ्याच्या कामाचा. मोठा तक्ता धोक्याचाही असतो, कारण कुठला आकडा खरा ते वाचणाऱ्याला ओळखता येत नाही. वर एक ओळ लिहिली की हा तक्ता फक्त या मशीनसाठी आहे. व्याप्ती पहिल्या ओळीत सांगणं हा लेखनातला प्रामाणिकपणा आहे.

मुदतवाढ मागायचीच झाली तर ती दोन दिवस आधी मागावी, आणि मागताना कारणांचा पाढा वाचू नये. काय झालं आहे, काय राहिलं आहे, कधी देईन, या तीन ओळी पुरतात. शिक्षकांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की कळतं, त्यांनाही त्यांचा आठवडा आखायचा असतो. आमच्या शिक्षिका दर गुरुवारी सकाळी नऊला शंकांसाठी बसतात, म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ. गुरुवार माझा असल्यामुळे मला तिथे लिहिलेला ड्राफ्ट घेऊन जाता येतं. रिकाम्या हाताने गेलेल्याला सामान्य उत्तर मिळतं. ड्राफ्ट घेऊन गेलेल्याला ‘ही तिसरी पायरी मला कळली नाही’ असं मिळतं.

आपल्याकडच्या एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सांची, रचना मला या बाबतीत शहाणपणाची वाटते. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारा असाइनमेंट असतात, पण गुण धरतात ते उत्तम आठांचे. आठ आठवड्यांच्या कोर्सला आठपैकी सहा. असाइनमेंटला २५ टक्के, परीक्षेला ७५. म्हणजे आयुष्यात मधूनमधून लग्नं येतात, पाळ्या बदलतात, मुलं आजारी पडतात, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलं आहे. नोकरी करत शिकणाऱ्या बायकांसाठी ही चार आठवड्यांची मोकळीक फार मोठी आहे. माझ्या कोर्सला तशी सवलत नाही, उशीर झाला की दिवसाला दहा टक्के जातात. इतका कडकपणा शिकवण्यासाठी गरजेचा नाही, असं माझं मत आहे. वेळ पाळायला शिकवायचं असेल तर माणसाला दोन-तीनदा सावरण्याची जागा ठेवूनही ते शिकवता येतं.

एआयबद्दल विचारणारे विचारतातच. रविवारी रात्री आठला कृती मागितली तर एआय मिनिटभरात नीटनेटकी कृती देतो, इशारे जागच्या जागी, वाक्यं आखूड. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी युरोपात १९८६ साली जी सोपी इंग्रजी नियमबद्ध केली, तिचे नियमसुद्धा तो पाळतो: कृतीच्या वाक्यात २० पेक्षा जास्त शब्द नाहीत, एका वाक्यात एकच सूचना. जगभरच्या ज्या मेकॅनिकांची भाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी ते नियम झाले, आणि माझ्यासारखीला त्यांचा फार आधार वाटतो. मीही वाक्यं तपासायला एआय वापरते. पण काकू चौथ्या पायरीला थांबल्या, ते थांबणं त्याच्याकडून मिळत नाही. असाइनमेंटचे गुण मिळतील, ते थांबणं मिळणार नाही, आणि मी पैसे भरले आहेत ते थांबणं पाहायला शिकण्यासाठी.

आता शेवटची असाइनमेंट उरली आहे. स्वतःच्या कामाच्या जागेवरची एक खरी एसओपी नव्याने लिहायची. मी आमच्या रॉकवेल हार्डनेस टेस्टरची, म्हणजे धातू किती कठीण आहे ते मोजणाऱ्या मशीनची, घेतली आहे. हिऱ्याचा १२० अंशांचा शंकू, आधी १० किलोचा भार, मग एकूण १५० किलोचा, आणि तबकडीवर आकडा. आमच्या कार्बराइज केलेल्या, म्हणजे भट्टीत कार्बन मुरवलेल्या, गिअरना ५८ ते ६२ एचआरसी इतका कठीणपणा लागतो. जुन्या एसओपीत प्रमाण ठोकळ्यावर, म्हणजे कठीणपणा आधीच माहीत असलेल्या ठोकळ्यावर, मशीन तपासून घ्यायची पायरी शेवटच्या पानावर ‘टीप’ म्हणून आहे, ती सगळ्यात वर यायला हवी. मेंटेनन्सच्या साहेबांना सोमवारीच प्रश्न पाठवले, त्यांनी बुधवारी चहाच्या वेळेला या म्हणून सांगितलं आहे. गुरुवारी लिहीन.

तपासून कोणाकडून घ्यायचं यावर मात्र मी बराच विचार केला. दिवसपाळीचे ऑपरेटर हाताशी आहेत, तयारही आहेत. पण मी रात्रपाळीच्या मुलाला विचारलं आहे, नवीन लागलेला, तीन महिन्यांचा. दिवसा कुणीही अडलं तर विचारायला चार माणसं असतात, म्हणून दिवसा एसओपी कुणी वाचत नाही. रात्री दोन वाजता त्या मशीनपुढे तो एकटा असतो आणि भिंतीवरचा कागद. पुढच्या सोमवारपासून त्याची पाळी बदलते, म्हणजे शनिवारच्या रात्रीपर्यंत कागद त्याच्या हातात पडायला हवा. सुपरवायझरांची परवानगी घेतली आहे. त्याच्या पाळीच्या पहिल्या तासाला मी थांबणार आहे, वही घेऊन, न बोलता, आणि उतरवून घेतलेलं रविवारी संध्याकाळी मजकुरात घालणार आहे.